धान्य असूनही दुष्काळ : बांगलादेशाचा अनुभव

दुष्काळ म्हणजे काय, असा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक मुले एकच उत्तर देतात : पाऊस पडला नाही, पीक आले नाही, धान्य संपले आणि माणसे उपाशी राहिली. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ते किती अपुरे आहे हे समजण्यासाठी दोन वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिली घटना आपल्या घरची आहे. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला अजून आठवतो. लागोपाठच्या अवर्षणाने राज्यातले धान्योत्पादन कोसळले. पण सरकारने गावोगाव दुष्काळी कामे काढली. मे १९७३ मध्ये जवळजवळ पन्नास लाख माणसे खडी फोडण्याच्या, रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर होती. मजुरीचे पैसे हाती असल्याने बाहेरून आलेले धान्य विकत घेता आले. सुकडी आणि लाल मिलो लोकांनी नाइलाजाने खाल्ले, पण खाल्ले. मृत्यूंचे प्रमाण त्या काळात वाढले, हे नंतरच्या अभ्यासांत दिसते. तरीही धान्याची तूट पाहता जो अनर्थ अपेक्षित होता तो टळला. रोजगार हमी योजनेची पाळेमुळे याच अनुभवात आहेत.

दुसरी घटना बांगलादेशातली, १९७४ ची. तेथे त्या वर्षी दरडोई उपलब्ध धान्य १९७१ ते १९७५ या पाच वर्षांतले सर्वांत जास्त होते. तरीही तेथे भीषण दुष्काळ पडला. सरकारी आकडा सुमारे सव्वीस हजार मृत्यूंचा आहे. स्वतंत्र अभ्यासकांचे अंदाज कित्येक लाखांचे असून काही अंदाज पंधरा लाखांपर्यंत जातात.

जेथे धान्य घटले तेथे मोठा अनर्थ टळला आणि जेथे ते वाढले तेथे माणसे रस्त्यावर मेली. असे का झाले?

पूर, मजुरी आणि भाव

१९७४ च्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत ब्रह्मपुत्रेला एकामागून एक पूर आले. बांगलादेशात भाताचे तीन हंगाम असतात : पावसाच्या आधी पेरला जाणारा औश, पावसाळ्यात वाढून नोव्हेंबर-डिसेंबरात कापला जाणारा आमन आणि हिवाळ्यात पाणी देऊन घेतला जाणारा बोरो. पुराने औश पिकाचे काही नुकसान केले. मुख्य धक्का बसला तो आमनच्या लावणीला.

आता तारखांकडे नीट लक्ष द्या. आमनचे पीक बाजारात येणार होते वर्षाच्या अखेरीस, पण भूकबळी पडत होते ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात. म्हणजे जे पीक बुडाले त्याची टंचाई जाणवण्याआधीच दुष्काळ येऊन ओसरलाही होता. तेव्हा दुष्काळाचे कारण त्या पिकाचे धान्य नव्हते. कारण होते त्या पिकाचे काम.

शेतमजुराजवळ जमीन नसते. लावणीच्या दिवसांत मिळणारी मजुरी हेच त्याचे धान्याचे कोठार. खाचरे पाण्याखाली गेल्याने लावणी थांबली आणि मजुरीही थांबली. त्याच वेळी पुढे टंचाई येणार या अंदाजाने साठेबाजी सुरू झाली. अनेक जिल्ह्यांत तांदळाचा भाव काही महिन्यांत जवळपास दुप्पट झाला. उत्पन्न शून्य आणि भाव दुप्पट अशा कात्रीत मजूर सापडला. सरकारजवळ साठा तुटपुंजा होता. बांगलादेशाने क्यूबाला तागाची पोती विकल्याचे कारण पुढे करून अमेरिकेने धान्याची मदत नेमकी याच वेळी रोखून धरली. शेवटी सरकारने जवळजवळ सहा हजार लंगरखाने उघडले. तेथे त्रेचाळीस लाखांहून अधिक लोक, म्हणजे देशातल्या दर शंभरांतले सहा जण, जेवत होते.

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या दुष्काळाचे विश्लेषण केले. देशात धान्य असणे ही एक गोष्ट आणि एखाद्या कुटुंबाला त्या धान्यावर हक्क सांगता येणे ही दुसरी. हा हक्क जमिनीतून येतो, मजुरीतून येतो, विक्रीतून येतो किंवा सरकारच्या मदतीतून येतो. हे सारे मार्ग एकाच वेळी बंद झाले की भरल्या बाजारात माणूस उपाशी मरतो.

बांगलादेशच का?

मुस्लिमबहुल देशांतली अन्नसुरक्षा हा विषय अलीकडे बराच चर्चेत आहे. इस्लामी सहकार्य संघटनेचे ५७ सदस्य देश आहेत आणि तिच्या छत्राखाली अन्नसुरक्षेसाठी एक वेगळी संस्था कझाकस्तानातील अस्ताना येथे काम करते. परंतु या देशांचे प्रश्न एका साच्यातले नाहीत. आखाती देशांजवळ पैसा आहे, पण गोडे पाणी नाही. ते बहुतांश अन्न विकत आणतात. इजिप्तचा प्रश्न गव्हाचा आहे. तेथील बोलीत भाकरीला ‘ऐश’ म्हणतात आणि या शब्दाचा मूळ अर्थ ‘जगणे’ असा आहे. १९७७ मध्ये तेथे अन्नावरील अनुदान कमी करताच दंगली उसळल्या आणि निर्णय मागे घ्यावा लागला. त्यानंतर सरकारी भाकरीचा भाव दशकानुदशके पाच पियास्तरच राहिला. तो थेट जून २०२४ मध्ये वीस पियास्तर झाला. येमेनमध्ये भुकेचे प्रमुख कारण युद्ध आहे.

या सर्वांत बांगलादेशाचा अभ्यास शिक्षकांना विशेष उपयोगी वाटावा. हा देश महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे. १९७१ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तेथे सात कोटींच्या आसपास लोक आणि सुमारे एक कोटी टन तांदूळ होता. २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या जवळजवळ सतरा कोटी झाली आहे आणि तांदळाचे उत्पादन साडेतीन कोटी टनांच्या पुढे गेले आहे. म्हणजे माणसे अडीच पटींच्या आसपास वाढली आणि तांदूळ साडेतीन पट. जमीन मात्र वाढली नाही. १९७४ नंतर त्याहून मोठे पूर आले, चक्रीवादळे आली, पण तसा दुष्काळ पुन्हा पडला नाही. हे कसे साधले?

हिवाळ्यातले पीक आणि जमिनीखालचे पाणी

पहिला बदल हंगामाचा. पावसाळ्यातले पीक पुराच्या मर्जीवर अवलंबून असते. हिवाळ्यात पूर नसतो, आकाश निरभ्र असते आणि भरपूर ऊन मिळाल्याने भाताचे उत्पन्नही जास्त येते. अडचण एकच, पाणी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने छोट्या डिझेल इंजिनांच्या आयातीवरील निर्बंध उठवले. स्वस्त चिनी इंजिने आली आणि उथळ कूपनलिका गावोगाव झाल्या. ज्याचे इंजिन त्याने शेजाऱ्याला पाणी विकावे, अशी पाण्याची बाजारपेठ उभी राहिली. जयदेवपूरच्या भात संशोधन संस्थेने १९९४ मध्ये दिलेल्या ‘ब्री धान २८’ आणि ‘ब्री धान २९’ या वाणांनी बोरोचा हंगाम भरभराटीला आणला. एकेकाळी गौण असलेला बोरो आता देशाच्या निम्म्याहून अधिक तांदूळ देतो.

येथे एक सुंदर भौतिक प्रक्रिया घडते. उन्हाळ्याआधी लाखो शेतकरी उपसा करतात, तेव्हा भूजलाची पातळी खाली जाते आणि गाळाच्या थरांत जागा रिकामी होते. पावसाळ्यात जे पाणी एरवी वाहून समुद्रात गेले असते ते या रिकाम्या जागेत मुरते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९८८ ते २०१८ या तीस वर्षांत एक कोटी साठ लाख शेतकऱ्यांच्या उपशामुळे ७५ ते ९० घनकिलोमीटर जादा पाणी अशा रीतीने जमिनीत साठवले गेले. कोणतेही धरण न बांधता झालेला हा साठा आहे. पण हे सर्वत्र घडत नाही. वायव्येकडील बरिंद भागात वरचा चिकणमातीचा थर पाणी मुरू देत नाही. तेथे पातळी खालीच जात आहे.

दुसरी गोम अधिक गंभीर आहे. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात लोहाच्या ऑक्साइडला चिकटलेले आर्सेनिक असते. प्राणवायू नसलेल्या थरांत जीवाणू या ऑक्साइडचे क्षपण करतात आणि आर्सेनिक सुटे होऊन पाण्यात उतरते. १९९३ मध्ये बांगलादेशातल्या विहिरींत ते प्रथम आढळले आणि पुढे कोट्यवधी लोक असे पाणी पीत असल्याचे उघड झाले. पाण्याने भरलेल्या भातखाचरातही हीच क्रिया घडते आणि मुळांवाटे आर्सेनिक दाण्यात जाते. खाचर सतत भरलेले न ठेवता मधूनमधून वाळू दिले तर पाणी वाचते, मिथेन कमी सुटतो आणि दाण्यातले आर्सेनिकही घटते. भुकेवरच्या उपायाने विषाचा प्रश्न उभा केला, ही गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांपासून लपवू नये.

पाण्याखाली थांबून राहणारा भात

भात पाण्यात उभा राहतो, पण पूर्ण बुडाला तर सामान्य वाण आठवडाभरात मरतो. का मरतो? एथिलीन हा वायू वनस्पतीत संप्रेरकाचे काम करतो. केळी पिकवतो तोच हा वायू. रोप हवेत असताना तो उडून जातो. पाण्यात वायूंचे विसरण हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट मंद असते, त्यामुळे बुडालेल्या रोपात एथिलीन साठत जातो. त्याच्या प्रभावाने जिबरेलिनचे कार्य वाढते आणि रोप पाण्याबाहेर डोके काढण्यासाठी भराभर लांब होऊ लागते. गढूळ पाण्यात प्रकाशसंश्लेषण जवळजवळ बंद असते. साठवलेली शर्करा या धडपडीत संपते आणि पूर ओसरल्यावर रोप आडवे पडून मरते.

ओडिशातल्या ‘एफआर १३ ए’ या पारंपरिक भाताने वेगळा मार्ग शोधलेला आहे. त्यातला ‘सब-१ ए’ हा जनुक एथिलीनची चाहूल लागताच जिबरेलिनच्या कार्याला लगाम घालतो. रोप वाढ थांबवते, शर्करा जपून वापरते आणि सुमारे दोन आठवडे वाट पाहते. पाणी उतरले की पुन्हा फुटवे येतात. हा जनुक २००६ मध्ये निश्चित झाला. खुणेच्या जनुकांच्या मदतीने पारंपरिक संकरातूनच तो ‘स्वर्णा’ आणि ‘बीआर ११’ या लोकप्रिय वाणांत आणला गेला आणि २०१० मध्ये बांगलादेशात ‘ब्री धान ५१’ आणि ‘ब्री धान ५२’ म्हणून प्रसारित झाला. शेतकऱ्याला आपले आवडते वाण सोडावे लागले नाही; त्यात फक्त एक गुण वाढला.

पूर अनेक महिने टिकत असेल तर मात्र हा गुण उपयोगाचा नाही. तेथे पाण्याबरोबर दिवसाला वीस-पंचवीस सेंटिमीटरही वाढणारा खोल पाण्यातला भातच हवा. एकाच संकटाला निसर्गाने दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत आणि कोणते उत्तर बरोबर, हे पुराचा कालावधी ठरवतो.

मोंगा : दोन पिकांमधली भूक

उत्तरेकडच्या रंगपूर भागात आश्विन-कार्तिकातल्या भुकेला एक स्वतंत्र शब्द आहे, ‘मोंगा’. लावणी संपलेली, कापणी दूर आणि हाताला काम नाही. ही १९७४ चीच छोटी आवृत्ती दरवर्षी येत असे. तिच्यावर तीन बाजूंनी मात झाली. लवकर तयार होणाऱ्या आमन वाणांनी (उदा. १९९७ चे ‘ब्री धान ३३’) कापणी ऑक्टोबरात आणली, धान्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे मजुरी ऑक्टोबरात आणली. १९९८ मध्ये जमुना नदीवरचा पूल सुरू झाल्याने कामासाठी ढाक्याकडे जाणे सोपे झाले. आणि गरिबांसाठीच्या सरकारी योजना वाढल्या.

याच भागात २००८ मध्ये एक प्रयोग झाला. मोंगाच्या दिवसांत काही कुटुंबांना फक्त बसभाड्याइतके, सुमारे साडेआठ डॉलरचे, साहाय्य देऊन एकाला शहरात कामाला जाण्यास उत्तेजन दिले. अशा कुटुंबांचा खाण्यावरचा खर्च वाढला आणि पुढच्या वर्षी मदत नसतानाही अनेक जण पुन्हा गेले. निष्कर्ष आकर्षक होता. पण हीच योजना मोठ्या प्रमाणावर राबवली तेव्हा तसा परिणाम दिसला नाही आणि २०१९ मध्ये ती राबवणाऱ्या संस्थेनेच ती बंद केली. छोट्या प्रयोगातले यश मोठ्या प्रमाणावर टिकेलच असे नाही, आणि न टिकल्यास तसे उघड सांगणे हाही विज्ञानाचाच भाग आहे.

कोठार आणि शेजारी

१९९८ मध्ये देशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पाण्याखाली होता, तोही दोन महिन्यांहून अधिक काळ. आमनचे वीस लाख टनांहून अधिक नुकसान झाले. १९७४ ची पुनरावृत्ती होणार असे वाटत असताना सरकारने तांदळावरील आयातशुल्क काढून टाकले. खाजगी व्यापाऱ्यांनी ट्रकांनी आणि रेल्वेने भारतातून वीस लाख टनांहून अधिक तांदूळ आणला. भाव आटोक्यात राहिले. गरीब कुटुंबांवर कर्जाचा बोजा वाढला, पण दुष्काळ पडला नाही.

म्हणजे शेजाऱ्याचे धान्य हेच आपले कोठार म्हणावे काय? २००७-०८ ने याचे उत्तर दिले. पूर आणि सिद्र चक्रीवादळाने पीक गेले असताना जगभर भाव चढले. भारताने २००७ च्या ऑक्टोबरपासून बिगर-बासमती तांदळाच्या निर्यातीवर बंधने घातली आणि २००८ मध्ये ती थांबवली. बांगलादेशात तांदूळ कडाडला. २०१७ मध्ये सिल्हेट-सुनामगंजच्या सखल ‘हाओर’ भागात कापणीआधीच अचानक पूर येऊन बोरो बुडाला. त्या वेळी सरकारी गोदामे जवळजवळ रिकामी होती आणि आयातशुल्क चढे होते. ते घाईघाईने खाली आणावे लागले. स्वतःचा माफक साठा आणि मोकळा व्यापार, दोन्ही लागतात. एक कमी पडला की दुसऱ्यावर ताण येतो.

या साखळीचे एक टोक नाशिक जिल्ह्यात आहे. लासलगावचा कांदा बांगलादेशाच्या स्वयंपाकघरात जातो. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ मध्ये भारताने कांद्याची निर्यात बंद केली. २०१९ मध्ये ढाक्यात कांदा किलोला दोनशे टाक्यांच्या वर गेला आणि विमानाने आणावा लागला. इकडे आपल्या शेतकऱ्याचा भाव पडला, तिकडे ग्राहकाचे डोळे पाणावले. शिवाय बांगलादेशाने धडा घेऊन स्वतःचे कांद्याचे क्षेत्र वाढवण्यावर भर दिला, म्हणजे आपण एक गिऱ्हाईकही काही अंशी दुरावले. वर्गात हा विषय काढला तर नाशिककडच्या मुलांजवळ सांगण्यासारखे बरेच असेल.

ताटात काय आहे?

पोट भरणे म्हणजे पोषण नव्हे. केवळ भाताने उष्मांक मिळतात. अ-जीवनसत्त्व, लोह, जस्त मिळत नाही. बांगलादेशातल्या तळ्यांत रोहू-कटला वाढवताना पूर्वी लहान मासे विष घालून मारून टाकत. डॉ. शकुंतला थिलस्टेड यांनी दाखवले की यांतला बोटभर लांबीचा ‘मोला’ मासा डोके, डोळे आणि काट्यांसकट खाल्ला जात असल्याने त्यातून अ-जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरपूर मिळते. मोला तळ्यात आपोआप वाढतो. रोहू विकायला आणि मोला घरी खायला, अशी जोडी जमली. या कार्याबद्दल त्यांना २०२१ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले.

शाळेचाही यात वाटा आहे. १९९३ मध्ये तेथे ‘शिक्षणासाठी अन्न’ योजना सुरू झाली. गरीब घरातल्या मुलाची हजेरी ८५ टक्के असेल तर कुटुंबाला महिन्याला पंधरा किलो गहू मिळे. २००२ नंतर धान्याऐवजी रोख रक्कम दिली जाऊ लागली. मुलींचे शिक्षण, स्वच्छता, लसीकरण आणि उत्पन्न या सर्वांचा एकत्रित परिणाम बालकांच्या उंचीत दिसतो. १९९० च्या दशकात पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०२२ च्या पाहणीत हे प्रमाण २४ टक्के आहे. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीनुसार ते ३५ टक्के आहे. हा आकडा आपल्याला अंतर्मुख करणारा आहे.

अजून काय अपुरे?

बांगलादेशाने भूक संपवली असे कोणी म्हणू नये. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथे डिझेल एका रात्रीत चाळीस टक्क्यांहून अधिक महागले आणि डिझेलवर चालणारे सिंचन अडचणीत आले. २०२३-२४ मध्ये अनेक महिने अन्नपदार्थांची महागाई दहा टक्क्यांच्या वर होती. किनाऱ्याकडे खारे पाणी आत सरकत आहे. संकटाचे स्वरूप बदलते, त्यामुळे उपायही बदलावे लागतात.

तरीही पन्नास वर्षांचा हिशेब स्पष्ट आहे. कोणत्याही एका शोधाने हा बदल घडवला नाही. इंजिनाने हंगाम बदलला, जनुकाने पूर सोसला, पुलाने मजुरी दिली, व्यापाराने भाव धरला आणि तळ्यातल्या लहान माशाने ताट भरले. अन्नव्यवस्था बळकट असणे याचा अर्थ एक दुवा तुटला तरी बाकीच्यांनी भार पेलणे.

वर्गात करण्यासाठी एक उपक्रम सुचवतो. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातले काल रात्रीचे जेवण लिहावे आणि प्रत्येक पदार्थापुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात : तो कोठून आला, तो घेण्यासाठी पैसे कोणाच्या कोणत्या कामातून आले आणि ते काम दोन महिने थांबले तर काय होईल. शेवटच्या रकान्यातली उत्तरे एकत्र वाचली, की दुष्काळ म्हणजे काय या प्रश्नाचे पुरे उत्तर मुले स्वतःच देतील.